एकट्याला हक्क नाही

"मेजर, घोषसाहेबांना तुम्हीच सांगा," कॅप्टन म्हणाले. "हा रविवार झाला की त्यांची वेळ बंद. त्या वेळेला वर्माचा ग्रुप जाईल."

गोल्फ क्लबच्या अध्यक्षाला कॅप्टन म्हणायची पद्धत आहे. आमचे कॅप्टन खन्ना, एका चहा कंपनीतले बडे अधिकारी. मी त्यांचा पगारी सेक्रेटरी. इथल्या आर्मीच्या फोर्ट विल्यममधून रिटायर झालो त्याच वर्षी बायको गेली. मुलगा पुण्याला होस्टेलवर. तिथलं बंद घर उघडून एकट्याने बसण्यापेक्षा कलकत्त्यात नोकरी बरी, असा विचार केला. क्लबच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या. गवत, पाणी, बारचा साठा आणि मेंबरांची भांडणं, सगळं माझ्या गळ्यात. मराठी बोलायला मात्र कुणी नाही.

"मीच का?" मी विचारलं.

"नकोशा गोष्टी सेक्रेटरीनेच सांगायच्या असतात. नाहीतर तुम्हाला ठेवलंय कशाला?" खन्ना हसले. मला काही हसू आलं नाही.

भानगड अशी होती. रविवारी सकाळी पहिल्या टीवरून, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या जागेवरून, चार-चार जणांचे ग्रुप ठरलेल्या वेळी सुटतात. या चौघांना फोरबॉल म्हणतात. सगळ्यात पहिली वेळ घोषसाहेबांच्या फोरबॉलची होती. ऊन चढायच्या आत मोकळं मैदान मिळतं, म्हणून सगळ्यांचा त्या वेळेवर डोळा. घोषसाहेब बालीगंजचे म्हातारे बॅरिस्टर. बाकीचे तिघे विलायती कंपन्यांमधले साहेब. त्या वर्षांत कलकत्त्यातल्या कंपन्या एकेक करून गाशा गुंडाळत होत्या. आधी एक साहेब मायदेशी गेला, मग दुसरा, मग तिसरा. घोषसाहेब तेवढे उरले. त्यांनी नवा पार्टनर शोधला नाही आणि त्यांनाही कुणी विचारलं नाही.

आता गोल्फचा जुना नियम असा की एकट्या खेळाडूला मैदानावर हक्क नाही. मागून एखादी मॅच, म्हणजे आपसात खेळणारी मंडळी, आली की त्याने बाजूला व्हायचं आणि तिला पुढे जाऊ द्यायचं. घोषसाहेब सगळ्यांच्या आधी निघायचे, पण म्हाताऱ्या चालीमुळे तिसऱ्या होलपाशीच मागचे त्यांना गाठायचे. तिथल्या शिरीषाखाली टोपी हातात घेऊन उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपला "गुड मॉर्निंग" म्हणायचे. शेवटचा ग्रुप पुढे जाईपर्यंत ऊन तापायचं, मग ते तिथूनच परत फिरायचे. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून ते झाड दिसायचं. मी टोस्ट खात बघत बसायचो.

खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. अहो, विचारा की कुणाला तरी! तोंड दिलंय ना देवाने? पण माझ्या तोंडाचा तरी काय उपयोग होता? सेक्रेटरी हा मेंबर नसतो. बोलावल्याशिवाय त्याने बारमध्ये बसायचं नाही. आणि खेळायला येता का, असं कुठल्याही मेंबरला त्याने स्वतःहून विचारायचं नाही.

घोषसाहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"बोशून, मेजर," त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. असला निरोप बसून देता येत नाही. उभ्यानेच सांगून टाकला.

"नियमाला धरून आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, सर. वेळ मॅचला मिळते. एकट्याची मॅच होत नाही."

"आणि मॅचला किती माणसं लागतात?" बॅरिस्टरला काय हे माहीत नव्हतं?

"दोघं पुरतात, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. त्यांना विचारायचा संकोच आणि मला विचारायची बंदी.

"मग रविवारी मी करायचं काय, मेजर?" ते हळूच म्हणाले. "घरी तर कुणीच नाही."

रविवारी काय करायचं हे मलाच कुठे कळत होतं? मुलाला पत्र लिहायला बसायचो, तर अर्धं पानसुद्धा भरायचं नाही. त्या दुपारी मी खोलीत गेलो आणि खाटेखालची गोल्फची जुनी बॅग बाहेर ओढली. काठ्यांना गंज चढला होता.

रविवार उजाडला. घोषसाहेबांच्या वेळेचा हा शेवटचा रविवार. टीवर उभं राहून नावं पुकारणारा आमचा स्टार्टर निताई. "आज नावं मी पुकारतो," मी त्याला म्हटलं. मागे वर्माचा ग्रुप उभा होता आणि त्या ग्रुपमध्ये खुद्द खन्ना.

"मिस्टर घोष!" मी पुकारलं. ते पुढे आले.

मग मी घसा साफ केला. "मेजर दाते!"

दाते म्हणजे मीच. निताई माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्या खोपटामागून बॅग काढली आणि खांद्याला लावली. घोषसाहेब नुसतं "कशाला?" म्हणाले असते, तरी माझी नोकरी आणि अब्रू दोन्ही तिथेच आटोपली असती.

"सेक्रेटरी, हा काय प्रकार आहे?" खन्ना ओरडले.

घोषसाहेब वाकून चेंडू ठेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उशीर केलात, मेजर," ते म्हणाले. मग खन्नांकडे वळले. "माझा पार्टनर आहे, कॅप्टन. आणि खेळाडू फटका मारत असताना बोलायचं नसतं."

खन्ना गप्प झाले. काय करणार, हाही नियमच.

सोमवारी त्यांनी मला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. पण मेंबरने पार्टनर म्हटलं की मॅच झाली आणि मॅच झाली की वेळ राहिली. त्यापुढे त्यांचं काही चालेना. पुढे काही वर्षं आम्ही दर रविवारी खेळलो. मी भयंकर वाईट खेळायचो. बोलणं फारसं नसायचंच. शेवटी ते "पुढच्या रविवारी?" म्हणायचे आणि मी "हो, सर" म्हणायचो. आठवडाभर मला तेवढं पुरायचं.

मग त्यांना दिसेनासं झालं आणि दिल्लीला असलेली मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. पहिली वेळ वर्माच्या ग्रुपला मीच देऊन टाकली. नव्या मेंबरांपैकी मला कुणी विचारलं नाही आणि मला विचारता येत नव्हतं.

तरी रविवारी बॅग उचलून मी सगळ्यांच्या आधी निघालोच. तिसऱ्या होलपाशी मागून ग्रुप यायला लागले. मी बाजूला झालो आणि टोपी काढली.

"गुड मॉर्निंग, मेजर!" वर्मा म्हणाला.

"गुड मॉर्निंग, सर."

नियमात काही चूक नाही. एकट्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, त्याने बाजूला व्हायलाच हवं. नियमात एवढंच सांगितलेलं नाही, की उभं कुठे राहायचं. ते घोषसाहेबांनी आधीच बघून ठेवलं होतं. शिरीषाखाली सावली चांगली असते.