बोरूचा कायदा

जतच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात दीपमाला कांबळे कॉम्प्युटरचा क्लास चालवायची, आणि तिला आनंद झाला की अख्ख्या स्टँडला कळायचं. प्रिंटरमधून मराठी ओळ धड उमटली की ही खुर्चीवरून टुणकन उठून टाळ्या पिटणार. पोरगी हुशार पण जराशी येडीच, असं शेजारपाजारचे म्हणायचे. म्हणू द्या. येड लागल्याशिवाय असली कामं होतात होय?

काम म्हणजे 'बोरू', साध्या प्रिंटरवर मराठी छापणारा प्रोग्रॅम. सांगलीच्या महेंद्रनं तो कॉलेजात असताना सुरू केला आणि सरळ वाटून टाकला. घ्या, वापरा, आतला कोड उघडून बघा, जमलं तर सुधारा, आम्हाला पैसा नको. तेवढ्यावर सात-आठ जणं हौसेनं कामाला लागली. साल नव्व्याण्णव. सांगलीत इंटरनेट नुकतं आलं होतं, पण जतचा फोन लागला तर लागला. म्हणून दीपमालानं केलेल्या सुधारणा फ्लॉपीत बसून एसटीनं सांगलीला जायच्या. कंडक्टर ती फ्लॉपी तिकिटाच्या पेटीत जपून ठेवायचा.

महेंद्र माणूस सोन्यासारखा, पण कारभार म्हणाल तर आनंदीआनंद. दोस्तानं चहा पिता पिता काही सुचवलं की ते लगेच बोरूत. आणि तानाजी, पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा, त्यानं महिनाभर राबून पाठवलेलं काम मात्र टेबलाखाली धूळ खात पडलेलं. घेतलं म्हणून सांगणं नाही, नको म्हणून कळवणं नाही. वर तीन निराळे बोरू गावोगाव फिरायला लागले, आणि कुठल्यात काय आहे ते खुद्द महेंद्रला सांगता येईना. शेवटी तानाजीनं कळवलं, बास झालं, मी सोडतो. त्याच्या मागोमाग आणखी दोघं उठायच्या बेतात होते.

दीपमालाचा जीव टांगणीला लागला. बिनपगारी माणसाला कशानं धरून ठेवणार? मन उडालं की गेला. आणि माणसं गेली की बोरू गेला. तिनं तडक सांगलीची गाडी धरली.

महेंद्रच्या खोलीवर तिनं सगळ्यांना गोळा केलं, तानाजीलाही गळ घालून बोलावलं. भडंगाचा पुडा फोडला आणि तोंड सोडलं. म्हणाली, आमच्याकडं पाण्याचा टँकर येतो तेव्हा घागरी नंबरानं लागतात. माझी आई पारूबाई तिथं उभी असली की सरपंचाच्या बायकोचीसुद्धा घागर पुढं सरकत नाही. इथंही तसंच करायचं. आलेलं काम नंबरानं बघायचं, ज्यानं केलं त्याच्याशिवाय दुसऱ्यानं ते चालवून बघायचं, आणि परत पाठवलं तर का, ते सांगायचं.

महेंद्र खो खो हसला. "सुरू मी केलंय की गं हे. मलाबी लाईनीत उभं करतीस व्हय?"

"तुला आधी," दीपमाला म्हणाली.

बाकीच्यांनी भडंग खात खात माना डोलावल्या. तानाजी तेवढा हसला नाही. एप्रिलातल्या जयंतीपर्यंत बघतो म्हणाला, नाहीतर रामराम.

चौदा एप्रिलला नवा बोरू बाहेर काढायचा होता. जयंती कमिटीची कार्यक्रमपत्रिका त्याच्यावरच छापणार, असं दीपमाला जतभर सांगत सुटली होती. आणि मार्चअखेरीस तिला एक अशी युक्ती सुचली की प्रिंटरचा वेळ निम्म्यावर आला. काय सांगू तिची अवस्था! जेवणात लक्ष नाही, वाटेत भेटेल त्याला ही प्रिंटरचं कौतुक सांगते. फ्लॉपी सांगलीला पोचली आणि महेंद्रचा फोन आला. म्हणाला, लय भारी केलंस, तानाजीला दाखवत बसलो तर जयंती हुकंल, आजच घालून टाकतो.

हो म्हणायला तिची जीभ नुसती वळवळली. मोह कुणाला सुटलाय?

"न्हाई," ती म्हणाली. "बघायची पाळी तानाजीची हाय. त्यालाच बघू दे."

फोन ठेवला आणि स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

आठवड्यानं एसटीडी बूथवर तिला बोलावणं आलं. पलीकडं तानाजी. "दीपमालाताई, तुमचं काम परत पाठवतोय. जुन्या प्रिंटरवर पानाची शेवटची ओळ छापतच न्हाई. दुरुस्त करून पाठवा, मी परत बघतो. पण आधी आणखी दोघांची कामं मी हातात घेतल्यात, ती झाल्यावर तुमचा नंबर."

बाईचं तोंड एवढंएवढंसं झालं. जयंती हुकली. एवढी छान युक्ती, आणि परत! रिसीव्हर ठेवून ती बूथच्या पायरीवर मटकन बसली. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. सोडून जाणारा माणूस आणखी दोघांची कामं हातात कशाला घेईल?

ती उठली ती धावतच घरी. पारूबाई भाकरी थापत होती. लेकीनं तिला पिठाच्या हातासकट उचललं आणि गरगर फिरवलं.

"आगं सोड, पडंन मी! पास झालं व्हय तुजं काम?"

"न्हाई आये, परत आलं," दीपमाला हसता हसता रडत म्हणाली. "तानाजीनं परत पाठवलं. तानाजी ऱ्हायला!"