पावनीला बसायला जागा

शिडीची नवी गाडी जुन्नरला आली, त्या दिवशी तिचा ड्रायव्हर म्हणून माझी ऐट बघण्यासारखी होती. साहेबांसमोर गाडी उभी केली, तिचे चारही लोखंडी पाय पसरले आणि शिडी वर चढवली. एक पाय गटाराच्या फरशीवर टेकलाय, हे फरशी मोडल्यावर कळलं. गाडी कलली आणि शिडीच्या टोकाने स्वागताला घातलेल्या मांडवाची झालर उचलून नेली.

आमचे तांडेल, म्हणजे बंबावरच्या गड्यांचे म्होरके, रागावले नाहीत. झालर सोडवत एवढंच म्हणाले, "राव, पावनीला बसाया जागा तर बघायची."

तेव्हापासून गाडीचं नाव पावनी. असे पाहुणे तुम्हीही पाहिले असतील. हिला जमीन सपाट आणि टणक हवी, डोक्यावर तारा नकोत, पाय पसरायला ऐसपैस जागा हवी. मग तांडेल रोज सकाळी आम्हा तिघांना घेऊन गल्ल्या हिंडायचे. हात पसरून, बोटाला बोट लावून आम्ही आडवे उभे राहायचो. तिघे मावले तर पावनी बसणार. बहुतेक गल्ल्या अडीच माणसांच्या निघाल्या. हा कुठला खेळ, असं भांडी घासणाऱ्या बायका विचारायच्या. तांडेल सांगायचे, भाड्यानं जागा बघतोय.

या गाडीसाठी वर्षानुवर्षं साहेबांच्या मागे लागले होते ते तांडेलच. त्यांचे गुडघे पार गेले होते. "आता बटन दाबायचं, चढायचं नाय," असं कौतुकाने म्हणायचे.

एका दुपारी गादीवाल्याच्या कापसाने पेट घेतला. जिना धुराने भरला. वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तान्हं बाळ घेऊन एक बाई अडकलेली, आणि गल्ली अडीच माणसांची. लोक म्हणत होते, शिडी लावा. मीही म्हणालो, एकाच बाजूचे पाय पसरून बघू. तांडेलांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"कलंडली तर समदीच खाली येत्याल. ऱ्हाऊ दे तिला हितंच."

बाकीचे दोघे पाणी मारत होते. जुनी हातशिडी आम्ही भिंतीला लावली. मी चढायला निघालो, तर तांडेल माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तू बूड धर. तुझ्याइतकं जड हितं कोन न्हाई." आणि स्वतः चढले. बाळ कोटात घालून खाली आणलं, पुन्हा वर गेले. बाईचे पाय लटपटत होते. ते तिच्या खालच्या पायरीवर थांबून तिचं एकेक पाऊल तळहातावर घेत आणि पायरीवर टेकवत.

"टाक पोरी. खाली मी हाय."

उतरल्यावर ते पावनीच्या फळीवर बसले, ते उठेचनात. आम्ही उचलून गाडीत बसवलं. वाटेत गाडीच्या दारावर हात फिरवत म्हणाले, "हिचा काय दोस? घर आपलं ल्हान."

निवृत्तीनंतर ते येडगावला शेतावर राहिले, आणि काही वर्षांनी तिथेच गेले. मातीहून परतलो, आंघोळ करून ताटावर बसलो, पण घास उतरेना. बायकोला म्हणालो, त्या गुडघ्यांनी ते दोनदा चढले आणि मी धट्टाकट्टा माणूस खाली शिडी धरून उभा.

तिने विचारलं, "चढताना एकदा तरी खाली वाकून बघितलं का त्यांनी, तुमी नीट धरलीय का म्हणून?"

"नाही."

"मग जेवा आता."