आप्पांची शनिवारची गोळी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरात आप्पांचं रक्त पातळ ठेवण्याचं खातं माझ्याकडे होतं. नेमणूक मीच केलेली, शपथही मीच घेतलेली.

आप्पा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले, वाकलेले, काठी घेतल्याशिवाय पाऊल न उचलणारे. तरी रोज संध्याकाळी कंग्राळीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीच्या आरतीला जाणारच. त्यांचे हृदयाचे ठोके चुकायचे. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली होती. दिवसाला एक, संध्याकाळी, जेवणाबरोबर. मी मोबाईलवर सातचा गजर लावला. तो वाजला की बशीत गोळी घेऊन मी "महाराजांचं औषध हाजिर!" असं ओरडत आत शिरायचो. शाळेत नाटकं बसवणारा मास्तर मी, घरात गप्प कसा राहीन?

"ठेव तिथं. लई वरडू नगंस, मेलो न्हाय अजून," आप्पा म्हणायचे.

थोड्या वेळानं बशी रिकामी. प्रयोग यशस्वी.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला, खोकला लागला, आणि एका रविवारी सकाळी श्वास पुरेना. बेळगावला दवाखान्यात नेलं. त्यांना दारातूनच आत घेतलं, मला बाहेर ठेवलं. तासाभरानं आतून डॉक्टरांचा फोन आला.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? शेवटची कधी घेतली?"

"काल संध्याकाळी सात वाजता."

"नक्की? या आजारात गाठी होतात, त्यासाठी इंजेक्शन द्यायचंय. पण गोळीचा असर असताना दिलं तर या वयात रक्तस्राव होऊ शकतो."

"नक्की म्हणजे काय डॉक्टर! बशी मी स्वतः ठेवतो. एक दिवस चुकलेला नाही."

"मग इंजेक्शन संध्याकाळी सुरू करू."

मी आईला फोन करून ऐटीत सांगितलं, "आप्पांची तयारी आधीपासूनच आहे. काळजी करू नको."

चौथ्या दिवशी आप्पा गेले. फुप्फुसात गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले.

पुढं देवळं उघडली तेव्हा आमच्या मारुतीचा गुरव घरी आला. हातात तेलकट डबी. माझ्यापुढं धरून म्हणाला, "ह्या आप्पांच्या गोळ्या. औषध हाय, टाकायच्या कशा, म्हणून ठेवल्या."

"तुमच्याकडं कशा आल्या?"

"दर शनवारी आणून देवापुढं ठेवायचे की. उपास असायचा न्हवं त्यांचा! म्हणायचे, डाक्टरनं जेवणाबरोबर घ्या म्हटलंय, आणि आज मी जेवणार न्हाय. तवा मारुतीराया, माझी गोळी तू घे. शेवटच्या शनवारी तर खोकत आलते. देऊळ बंद, म्हणून उंबऱ्यावर ठेवून गेले."

शेवटचा शनिवार. म्हणजे दवाखान्यात नेलं त्याच्या आधीचा दिवस.

उपास मला ठाऊक होता हो. शनिवारी दूध-केळी मीच द्यायचो, आणि केळ्याशेजारीच ती बशी ठेवायचो. जेवणाबरोबर घ्यायची गोळी, जेवण नसलेल्या दिवशी!

मी उभ्या उभ्याच डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगून विचारलं, "इंजेक्शन सकाळीच दिलं असतं तर आप्पा वाचले असते?"

ते म्हणाले, "सांगता येत नाही. रोज गोळी घेणारेही गेले. न घेणारेही वाचले. तुमच्या वडिलांचं काय झालं असतं, मला खरंच सांगता येत नाही."

नाही म्हणाले असते तर मी सुटलो असतो. हो म्हणाले असते तरी एका परीनं सुटलोच असतो. सातचा गजर अजून मोबाईलमध्ये आहे. शनिवारी तो वाजला की मला माझाच आवाज ऐकू येतो, "काल संध्याकाळी सात वाजता." किती झोकात म्हणालो होतो! एवढं स्वच्छ वाक्य माझ्या एकाही नटानं कधी टाकलं नाही.

त्या दिवशी फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आप्पा गेल्यापासून ती धड बोललीच नव्हती. तिनं माझ्या हातातली डबी घेतली, झाकण उघडून आत बघितलं आणि गुरवाला म्हणाली,

"मग मारुती तरी बरा हाय न्हवं?"