प्लायवूडची जमीन

"कोणाला विचारून काढताय हो स्क्रू?"

"माझं प्लायवूड, माझं गोदाम. विचारायचं कोणाला?"

"आणि उद्यापासून मी नाचू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"आधी तेच तर करत होतात!"

हे मामाचं खरं होतं. त्याच्या प्लायवूडच्या दुकानावरची खोली एका नृत्यांगना ताईंनी भाड्याने घेतली होती. वर त्यांचा सराव, खाली मामाचं डोकं उठलेलं. एकदा तो तावातावाने भांडायला वर गेला, तर कडक फरशीवर नाचून ताईंचा गुडघा टम्म सुजलेला. मामा भांडायचं विसरूनच खाली आला. आठवड्याभरात मागच्या गोदामात लाकडी पट्ट्या टाकून त्यावर प्लायवूड बसवलं. "पाय मोडून बसाल, मग जिन्यावरून उचलून कोण आणणार? मी?" एवढंच बोलला.

नाचातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण संध्याकाळी ताई आल्या की नेमकं त्याच वेळी त्याला गोदामात काहीतरी मोजायचं असायचं. आईने विचारलं, "दादा, हे काय चाललंय?"

"स्टॉक बघतोय."

आई हसली, मी हसले, तो चिडला. तिकडे त्याला 'शेठ' म्हणणाऱ्या ताई कधी नुसत्या 'अहो'वर आल्या, ते त्यांनाही कळलं नसावं.

आज दुपारी ताई दुकानात सांगायला आल्या, की दुसऱ्या शहरातल्या नृत्यसंस्थेने बोलावलंय. पगार आहे, राहायची सोय आहे. मामा म्हणाला, "वा, छान." आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून स्क्रू काढायला बसला.

"जाते म्हटलं का मी? बोलावलंय म्हटलं."

"मग जा ना. अशी संधी लाथाडतं का कोणी?"

"म्हणजे मी जावं, असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटायचंय? मी लाकडं विकतो."

"मग हे विकायला काढताय?"

"भोकं पडलेलं प्लाय कोण घेणार, बाई!"

"मग का काढताय?"

मामाने गोदामाच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? तो त्यांना घालवत होता, आणि तोंड मात्र असं, जणू त्यालाच कोणी घराबाहेर काढलंय.

एकच फळी उरली होती. ताई तिच्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"उतरा."

"नाही उतरत. संध्याकाळी त्यांना कळवायचंय. एकदाच विचारते, सरळ सांगा. राहू का मी?"

मामाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला. कान लालभडक झाले होते. मग खिसे चाचपून त्याने काढलेले सगळे स्क्रू बाहेर काढले आणि ताईंच्या तळहातावर ठेवले.

"हे काय? याचा अर्थ काय घ्यायचा मी? अहो!"

मामा उठला, गुडघ्यांवरचा भुसा झटकला, आणि स्क्रूड्रायव्हर ताईंच्या पायाशीच सोडून, मागे न बघता गोदामाबाहेर निघून गेला.