तीन दिवस, साठ मेंढ्या आणि एक गाणं

शूटिंग फक्त तीन दिवसांचं, पण किस्से एवढे साठलेत की मैत्रिणी चहाला जमल्या की त्यातला एक तरी निघतोच. "तू खरंच होतीस तिथं?" असं कुणीतरी विचारतंच. होते बाई! हातात वही आणि जीव मुठीत.

शेवंता देवगाव रंगारीची, मेंढपाळाची मुलगी. वाळूजला कारखान्यात कामाला आणि पुंडलिकनगरात आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं. ती जिन्यात गुणगुणायला लागली की आई कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरायची. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं तिचं पॉप गाणं रेकॉर्ड केलं आणि वर कळवलं, "आठवड्यात व्हिडिओ पाठवा. नाही जमलं तर आवाज हिचा राहील, पण पडद्यावर आमची मॉडेल दिसेल."

तिला रजा मिळाली तीन दिवस. कॅमेराही तीनच दिवस मिळाला. आणि पोरगी टीव्हीवर नाचणार हे कळल्यापासून तिचे वडील, आबा, तिच्याशी बोलत नव्हते.

*

डायरेक्टर होते खालिदभाई. एरवी लग्नांचं शूटिंग करायचे. मी बी.ए. झालेली, अक्षर बरं, म्हणून माझ्याकडं कंटिन्युइटी दिली. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये ओढणी कुठल्या खांद्यावर होती, ते वहीत लिहायचं.

पण क्लॅप वाजला की मी दचकायची! अजून ती वही काढली तर प्रत्येक शॉटपुढं शाईची एक वाकडी रेघ दिसते. खालिदभाई म्हणाले, "बेटा, क्लॅप शॉटसाठी है, तुमच्यासाठी नाही!"

*

पहिला दिवस तिच्याच कारखान्यात. एका बाजूला प्रेस मशीन धाडधाड चालू. डान्स शिकवायला मुंबईहून आलेल्या मॅडम "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" मोजायच्या आणि शेवंताचं पाऊल दर वेळी वेगळ्याच ठेक्यावर पडायचं. मॅडम चिडल्या, "ही चुकतेय!"

मशीनवरचा ऑपरेटर मान वर न करता म्हणाला, "ती आमच्या प्रेसवर चाललीय म्याडम. हे मशीन आजपतोर चुकलं नाय. तुमची मोजणी तपासा!"

गाणं लावून तपासली. मॅडमच घाई करत होत्या. त्यानंतर मॅडमही प्रेसवरच मोजायला लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी देवगावला निघालो. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहर कधी पेटेल, कधी बंद होईल, नेम नसायचा. नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली. आत आमचा गाणं वाजवायचा भोंगा दिसला.

"घोषणा कुणाच्या देणार? बाजूनं का विरोधात?"

मी घाबरून त्यांच्या हातात वही दिली. "साहेब, सगळं लिहून ठेवलंय!"

त्यांनी वाचलं, 'ओढणी डाव्या खांद्यावर.' त्यांचा संशय आणखीच वाढला! मग शेवंता खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून गायली. मागच्या ट्रकांचे हॉर्न एकेक करून थांबले.

हवालदार वही परत देत म्हणाले, "शहर बंद हाय, पर हिला कोण बंद करणार? सोडा गाडी!"

*

शेवंताच्या आईच्या शब्दाखातर आबांनी साठ मेंढ्या शूटिंगला दिल्या. स्वतः मात्र टेकाडावर आमच्याकडं पाठ करून बसले. दिवसभरात एकदाही वळले नाहीत. अर्धं काम झालं, उरलेलं दुसऱ्या दिवसावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर साठच्या साठ मेंढ्या कातरलेल्या! माझ्या वहीत 'मेंढ्या गुबगुबीत' लिहिलेलं. मला रडूच फुटलं.

"आबा, ये क्या कर दिये!" खालिदभाई डोकं धरून बसले.

आबा लेकीकडं न बघता म्हणाले, "फोटू निघणार म्हणल्यावर मेंढरं असल्या अवतारात उभी करू व्हय? सारी भावकी बोलावली कातरायला."

आणि पुन्हा टेकाडावर पाठ करून बसले.

शेवटी खालिदभाईंनीच तोड काढली. "पहिल्या कडव्यात लोकर, दुसऱ्यात नाही. लोक समजतील, साल गुजर गया!"

*

शेवटचा शॉट. शेवंता गातेय आणि मेंढ्या तिच्याकडं येतायत. या शॉटशिवाय गाणं पुरं होत नव्हतं. ऊन उतरत होतं. भोंग्यावर गाणं लावलं की मेंढ्या उलट्या टेकाडाकडं पळायच्या. तीनदा लावलं, तिन्ही वेळा पळाल्या. खालिदभाई घड्याळ बघायला लागले. मला मुंबईची ती मॉडेल डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"बंद करा ते," शेवंता म्हणाली.

भोंगा थांबला. तिनं एक श्वास घेतला आणि हाक दिली. गाण्यातली नाही. मेंढ्या घरी बोलवायची, त्यांच्या घरातली हाक. लांब, उंच, टेकाडाच्या पार पलीकडं गेलेली.

साठ मेंढ्या वळल्या.

आबाही वळले.

मेंढ्या तिच्या दोन्ही बाजूंनी आल्या. त्यांच्यामागून खांद्यावर घोंगडी टाकून आबा आले, ते सरळ फ्रेममध्येच! तिच्या शेजारी उभे राहिले. 'कट' म्हणायचं खालिदभाईंना सुचलंच नाही.

आबांनी घोंगडी नीट केली, घसा खाकरला आणि शेवंताला विचारलं,

"आता कुठं बघू?"