तार वाचणारे भोजराज मास्तर

कोहमाऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात इंग्रजी वाचणारा माणूस एकच, शाळेचे भोजराज मास्तर. कोणाच्याही घरी तार आली की ती त्यांच्याच ओट्यावर यायची. आणि खुशाली कळवायला तार करण्याइतकं हौशी तिथं कोण होतं? 'एक्स्पायर्ड' हा एकच शब्द वाचून वाचून मास्तर विटले होते. एकदा त्यांनी डिक्शनरीत त्याचं मूळ पाहिलं. जुन्या लॅटिनमध्ये श्वास बाहेर टाकणे, एवढंच. मुदत सरलेल्या कागदालाही साहेब तोच शब्द लावतो.

"आपण प्राण सोडला म्हणतो, तेच हे," ते बायकोला, अनुसयाबाईंना म्हणाले. "पण सांगावं मलेच लागते ना!"

मरणाची बातमी कळली की घरात चूल पेटत नाही. म्हणून तार उघडली की मास्तर आधी विचारत, "जेवले का जी?" पोटात दोन घास असावेत, इतकाच हेतू. पण गाव काय दूधखुळं आहे? तीन-चार तारांतच सगळ्यांनी ओळखलं. मास्तरांनी जेवणाचं विचारलं की बाया तिथंच ऊर बडवायला लागत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणाला जेवलास का म्हणायची त्यांना सोय उरली नाही.

चोपन्न साली, भर धानकापणीत, कुंता तार घेऊन आली. तिचा नवरा शिवलाल नागपूरला गिरणीत होता. पहाटेपासून ती वावरात राबलेली, पोटात अन्नाचा कण नाही, हे तोंडावरच दिसत होतं. मास्तरांनी तार उघडली. तोच शब्द. तो प्रश्न त्यांनी गिळला.

"अक्षर बारीक हाये, चष्मा पाहतो. तोवर बस. अनुसया, हिले वाढ."

कुंताचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी विचारलं नव्हतं! भात आणि लाखोळीचं वरण तिनं दोनदा मागून घेतलं.

"मंडईच्या जत्रेले येतो म्हणून तार केली असन जी," ती हसत म्हणाली. "लय खर्चीक माणूस हाये थो."

हात धुऊन ती समोर बसली, तेव्हा मास्तरांनी सांगितलं. कुंता रडली नाही. ओल्या हाताकडे पाहत राहिली.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. "मी हासून हासून जेवून राहिली होती, अन् तुमी पाहून राहिले होते. काऊन जेवू घातलं मले?"

अनुसयाबाईंनी तिला घरी पोचवलं.

त्यानंतर मास्तर तार हातात पडली की उभ्या उभ्या वाचून टाकू लागले, समोरचं माणूस उपाशी असलं तरी.