राखीव खेळाडू लहानताई

रीडिंग स्टेशनच्या फलाटावर लंडनची गाडी उशिरा येत असल्याबद्दल नेहमीची दिलगिरी ऐकत उभा होतो, तेव्हा लहानताईच्या मुलीचा, अ‍ॅनचा फोन आला. "आई गेली. जेवली, खुर्चीत डोळा लागला, आणि..." पुढचं तिला सांगावं लागलं नाही. गाडी येईपर्यंत आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी झळकलीही होती: 'चिनी ऑलिंपिकवीर हरपली'. खाली जोडलेल्या हातांची रांग. या तीन शब्दांपैकी मधल्यावर तिने फुली मारली असती. तो आपल्या नावापुढून काढायला तिने तीन वर्षांपूर्वी भर सभागृहात हिय्या केला होता, आणि आम्ही मंडळींनी तो पुन्हा चिकटवला होता. मेलेल्या माणसाला विशेषणं लावताना आम्ही फार उदार होतो.

तिचं नाव लान. माझी मुलगी तन्वी सहा वर्षांची असताना इथल्या क्रीडाकेंद्रातल्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जायची, तिथे ती शिकवत असे. तेव्हा नागपूरहून आलेल्या माझ्या आईने 'लान'चं 'लहान' ऐकलं, आणि समोरची पावणेपाच फुटांची मूर्ती पाहून तिला ते पटलंही. "पण एवढ्या वयाच्या बाईला नुसतं लहान कसं म्हणायचं? लहानताई म्हणा," असा आईने निकाल दिला. मी लानला अर्थ सांगितला. "छोटी आणि मोठी बहीण, दोन्ही एकाच नावात?" ती म्हणाली. "तुमची भाषा फार सोयीची आहे." त्या दिवसापासून ती मंडळातल्या लहानथोरांची लहानताई झाली, आणि मंडळाच्या बालनाट्यांत मुलांना पडायला शिकवू लागली. न लागता पडणं हीच तिच्या मते रंगभूमीवरची खरी विद्या होती. संवाद काय, कुणीही पाठ करतं.

तिची गोष्ट तिने मला तुकड्यातुकड्यांत सांगितली, बहुतेक वर्ग संपल्यावर गाद्या रचताना. सहाव्या वर्षी घरापासून दूर क्रीडाशाळेत, भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहायचं, खालच्या फरशीवर घामाचं तळं होईपर्यंत. सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात. मग संघाबरोबर ऑलिंपिकला... राखीव खेळाडू म्हणून. केस घट्ट बांधून, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून ती रोज बाकावर बसली. संघातल्या सगळ्यांचे सगळे प्रकार तिला पाठ होते. "कुणाचा तरी पाय मुरगळू दे, असं मी रोज मागायचे. आणि मग त्या मुलींच्याच शेजारी बसून जेवायचे." कुणाचाही पाय मुरगळला नाही. पुढे ती एका सर्कशीबरोबर ब्रिटनला आली, ब्रिस्टलच्या एका थिएटरात दिवे लावणाऱ्या माणसाशी लग्न करून राहिली, आणि नाताळच्या पँटोमाइममध्ये शिरली. पँटोमाइम म्हणजे इथल्या लोकांनी वर्षातून एकदा मुलांच्या निमित्ताने केलेला अधिकृत आचरटपणा. त्यात ती मांजर झाली, भूत झाली, सलग चार नाताळ ड्रॅगनचा मागचा अर्धा भाग झाली. नंतर टीव्हीवरच्या एका जाहिरातीत स्वयंपाकघरात उलटी कोलांटी मारणारी आजी झाली आणि टेस्कोच्या दुकानात लोक तिला ओळखू लागले. "आयुष्यभर पडले की गुण कापायचे," ती म्हणायची, "इथे पडले की टाळ्या." त्या टाळ्यांत ती मनापासून सुखी होती. फक्त एक काटा होता. पहिल्याच एजंटने पोस्टरवर 'ऑलिंपिक स्टार' छापलं, तिला काम हवं होतं, ती गप्प बसली. मग गप्प बसण्याला तीस वर्षं झाली.

मंडळाने तिचा सत्कार ठरवला तेव्हा तो काटा वर आला. शाल, श्रीफळ, आणि मंचामागे बसच्या लांबीचा 'ऑलिंपिकवीर' बॅनर. तिने मला गाठलं. "मिलिंद, तू मराठीत सांगशील ना? मी खरं सांगणार आहे. तू ते सुंदर करायचं नाही. या मुलांसमोर तरी मला खोटं उभं राहायचं नाही." मी अध्यक्षांना कल्पना दिली.

"अहो मेश्राम, बॅनर छापून झालाय!" ते म्हणाले. "आणि गेली होती ना ऑलिंपिकला? मग झालं तर."

शाल घेतल्यावर ती माइकपाशी गेली. माइक तिच्या कपाळाच्या वर होता, तो तिने स्वतः खाली ओढला. मागे बॅनरकडे बोट दाखवून ती इंग्रजीत म्हणाली, हे चूक आहे, मी तिथे एकदाही खेळले नाही, मी रिझर्व्ह होते. मी मराठीत सांगितलं, "मी राखीव होते."  आणि मागून कुणीतरी, अगदी आपुलकीने, म्हणालं, "म्हणजे आपल्या मेश्रामसारखी!"

हशा झाला. मी इंजिनिअरिंगला राखीव जागेवर आलो, हे वीस वर्षांत कुणी तोंडावर बोललं नव्हतं. त्यांना तोंडपाठ होतं एवढंच. लान माझ्याकडे वळली. "हसतात का? मी अजून विनोद केलेला नाही." मी तिच्या कानात त्या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ चार वाक्यांत सांगितला.

"तुला खेळू दिलं?" तिने विचारलं.

"हो."

ती पुन्हा माइकपाशी गेली. "यालाही राखीव म्हणतात म्हणे. पण हा मैदानात उतरला. मला याचा हेवा वाटतो."

हे वाक्यही मलाच मराठीत सांगायचं होतं. कसं सांगितलं ते आठवत नाही... सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. टाळ्या मुलांनी सुरू केल्या. परतताना गाडीत मी तिला हक्काची जागा आणि बदली खेळाडू यांतला फरक समजावला, चांगला अर्धा तास. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तू तिथे बोलायला हवं होतंस." ते खरं होतं.

पुढच्या वर्षीच्या बालनाट्याला तिने एकच मागणी केली: "पत्रिकेत माझं नाव 'राखीव' म्हणून छापा." आम्हाला ती गंमत वाटली. साठीची बाई, मराठी शंभरेक शब्दांचं. दोन वर्षं ती विंगेत बाकावर बसली, गळ्यापर्यंत चेन ओढून. एकही मूल आजारी पडलं नाही. शेवटच्या प्रयोगानंतर मी विचारलं, "या वेळी काय मागितलंस?" "काही नाही," ती म्हणाली. "बघायलाच मजा येत होती."

गेल्या रविवारी अ‍ॅन घरी आली. आईच्या कपाटात सापडलेली एक वही तिने टेबलावर ठेवली. "अक्षरं चिनी आहेत, पण अर्थ काहीच लागत नाही. शेवटी शेवटी आई भरकटली होती का?" तिला तीच भीती होती. मी म्हटलं, मोठ्याने वाच. आईने शिकवलेली अक्षरं ती अडखळत वाचू लागली: "मा चा... पि शा वी... कु थे... के ला..." मी दोनदा वाचायला लावलं, तेव्हा कळलं. ते चिनी अक्षरांत उतरवलेलं आमचं मराठी नाटक होतं, सगळ्यांच्या भूमिका, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आणि हे वाक्य तन्वीचं. संहितेत मी 'माझी पिशवी कुठे गेली?' असं लिहिलं होतं. तन्वी प्रत्येक तालमीत 'माझा पिशवी कुठे गेला?' म्हणायची, आणि मी हात टेकले होते. लहानताईने संहिता नव्हे, मुलं पाठ केली होती. तन्वी आली नसती, तर ती तन्वीच्या चुकीसकट उभी राहिली असती.

मी अ‍ॅनला सांगितलं, तुझी आई भरकटली नव्हती, तयार होती. अ‍ॅनने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तन्वी ओले हात घेऊन बाहेर आली.

"बाबा, माझा लाइन हिला कसा माहीत?"

मी दुरुस्त केलं नाही.